लेकी बोले सुने लागे: दहा डॉलरच्या पोटपट्ट्याचं प्रकरण

टीव्हीवर पोटाच्या त्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांच्या जाहिराती तुम्ही पाहिल्याच असतील. कमाल आहेत! अख्ख्या देशाला त्यांचं वेड लागलंय, ज्याला त्याला एक हवाय. अडचण एवढीच की महाग आहेत, एकेक १२० डॉलरपर्यंत पडतो. म्हणून तर आम्ही अ‍ॅब फोर्स काढलाय. फक्त १० डॉलर!

२००२ च्या सुरुवातीला अमेरिकन टीव्हीवर चाललेल्या एका जाहिरातीचा हा आशय. शब्द माझे आहेत, मुद्द्यांचा क्रम मात्र तोच. आता यात क्लेम शोधून दाखवा. वजन घटेल असं म्हटलंय का? नाही. कंबर कमी होईल? नाही. सिक्स-पॅक येतील, व्यायाम करायची गरज नाही, यातलं काहीही नाही. दुसऱ्यांचे पट्टे लोकप्रिय आहेत, हे खरं होतं. ते महाग आहेत, हेही खरं. आमचा स्वस्त आहे, हे तर खरंच. तीन वाक्यं, तिन्ही खरी. तरीही या जाहिरातीवर फसवणुकीचा ठपका बसला, प्रकरण अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी कंपनीला ७० लाख डॉलर मोजावे लागले.

मी जाहिरातींची कॉपी तपासायचं काम करते. एखादं वाक्य चालेल की नाही, त्याला पुरावा लागेल का, पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरात येणारा खुलासा, म्हणजे 'सुपर', पुरेल का, हे ठरवण्यात दिवस जातो. नवीन मुलं कामाला लागली की त्यांना मी हेच प्रकरण आधी वाचायला देते. "मॅडम, पण आपण तसं म्हटलंच नाहीये" हे वाक्य दर आठवड्याला एकदा तरी कानावर येतं, आणि त्याचं इतकं सविस्तर उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

पट्ट्याच्या आत काय असतं

कमरेला गुंडाळायचा रुंद पट्टा, बंद करायला व्हेल्क्रो, पुढे आगपेटीएवढी डबी, तिच्यात सेल. आतल्या बाजूला, पोटाला टेकतील असे इलेक्ट्रोड. त्यांवर जेल लावायचं, म्हणजे कातडीतून वीज नीट जाते. बटण दाबलं की थोड्या थोड्या वेळाने सौम्य झटके येतात, त्यांनी स्नायूकडे जाणारी नस उत्तेजित होते आणि स्नायू आखडतो. मेंदूने हुकूम दिलेला नसताना पोट आत ओढलं जातं, म्हणून पहिल्यांदा माणूस दचकतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्याला गॅल्व्हानीने बेडकाच्या तंगड्यांवर जे पाहिलं, तेच हे.

तंत्र खोटं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू सुकू नये म्हणून किंवा अर्धांगवायूच्या रुग्णासाठी फिजिओथेरपिस्ट ते रोज वापरतात. खोट आहे ती 'आखडतो' पासून 'चरबी जाते' पर्यंत मारलेल्या उडीत. पोटावरची चरबी स्नायूच्या वर, कातडीखाली गादीसारखी पसरलेली असते. खालचा स्नायू कितीही थरथरला तरी वरची गादी जागची हलत नाही. ती हलवायला शरीराने एकूण ऊर्जा जास्त खर्च करावी लागते, आणि एका जागी पडून पोटाचा एक पापुद्रा आखडून घेण्यात असा खर्च तो किती होणार?

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस शाखेत जॉन पोर्कारी आणि सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७ विद्यार्थी होते. त्यातल्या एका गटाने आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा असं यंत्र लावलं. वजन, चरबी, ताकद, दिसणं, कशातच फरक पडला नाही. याच पोर्कारींनी २००५ साली दुसरा, बऱ्यापैकी दमदार झटके देणारा पट्टा तपासला, तेव्हा पोटाच्या स्नायूंची ताकद ५८ टक्के वाढली आणि कंबर साडेतीन सेंटिमीटर कमी भरली. वजन आणि चिमटीत धरून मोजलेली चरबी मात्र होती तिथेच. म्हणजे चांगलं यंत्र नेटाने वापरलं तर आतला स्नायू घट्ट होतो, एवढं मान्य. दहा डॉलरच्या पट्ट्याची गोष्ट वेगळी.

आधी तिघे ओरडून गेले

२००१ च्या उत्तरार्धात अमेरिकेत या पट्ट्यांची लाटच आली होती. अ‍ॅबट्रॉनिक, अ‍ॅब एनर्जायझर आणि फास्ट अ‍ॅब्ज ही त्यातली मोठी नावं. त्यांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या जाहिराती दिवसरात्र चालायच्या. दहा मिनिटं पट्टा लावलात की ६०० सिट-अप्स मारल्यासारखं, अशी भाषा होती. घाम गाळायला नको, सोफ्यावर बसून पोट सपाट. मे २००२ मध्ये फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने (पुढे नुसता 'आयोग' म्हणते) या तिन्ही पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर एकाच वेळी कारवाई केली. हे खटले सरळ होते, कारण दावे पडद्यावर धडधडीत बोलून दाखवलेले होते.

चौथा गडी, म्हणजे अ‍ॅब फोर्स विकणारा, वेगळा होता. न्यू जर्सीतल्या टेलिब्रँड्सचे मालक अजित खुबानी, भारतातून अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांचा मुलगा. १९८३ साली त्यांनी कंपनी काढली. 'अ‍ॅज सीन ऑन टीव्ही' ही लाल चौकटीतली खूण लोकांच्या डोळ्यांत बसवली ती त्यांनीच. टीव्हीवर सध्या कोणती वस्तू जोरात खपतेय याची क्रमवारी देणारं धंद्यातलं एक पत्रक येतं. त्यात पोटपट्टे वर चढलेले त्यांना दिसले. स्वतः बाजार तयार करण्यापेक्षा दुसऱ्याने तयार केलेल्या बाजारात स्वस्त माल घेऊन उतरायचं, हा त्यांचा डाव. त्याला त्यांचं नाव होतं: तुलना करा आणि पैसे वाचवा.

दादरला स्टेशनबाहेर पर्स विकणारा काय म्हणतो आठवा. "ताई, शोरूमला जाऊन बघा, हीच दोन हजारला आहे." पर्स त्याच कंपनीची आहे असं तो चुकूनही म्हणत नाही. 'हीच' या एका शब्दावर सगळं भागतं. 'हीच'चा अर्थ तुम्ही लावायचा, पैसे त्याने घ्यायचे. आपली म्हण इथे नेमकी बसते: लेकी बोले सुने लागे. बोलायचं शेजारच्या पट्ट्याबद्दल, लागायचं आपल्या पट्ट्याला.

यातला एक धागा मला फार बोलका वाटतो. रेडिओच्या सुरुवातीच्या जाहिरातीत ही सावधगिरी नव्हती. ते दुसरे पट्टे व्यायामाशिवाय झटपट पोट सुडौल करून द्यायचं आश्वासन देतात, आणि आमचा त्यांच्याइतकाच ताकदवान आणि परिणामकारक आहे, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. पुढच्या आवृत्त्यांतून ती वाक्यं गळाली. टीव्हीच्या जाहिरातीत उरलं ते एवढंच: त्या पट्ट्यांमधलंच जोरदार तंत्रज्ञान, पोटाच्या भागावर दहा वेगवेगळ्या तीव्रतेने. 'पोटाच्या भागावर' काय होतं? ते नाही सांगितलं. कॉपीवर अशी कात्री मी हजारदा पाहिली आहे, स्वतःही चालवली आहे. क्लेम काढून टाकायचा, पण त्याची जागा तशीच मोकळी ठेवायची, म्हणजे बघणारा ती आपोआप भरतो.

२००१ च्या डिसेंबरपासून जेमतेम काही महिने ही मोहीम चालली. तेवढ्यात सात लाखांहून जास्त पट्टे गेले, आणि सेल-जेल धरून विक्री १ कोटी ९० लाख डॉलरच्या पुढे. भागाकार केला तर दहा डॉलरच्या वस्तूमागे गिऱ्हाइकाच्या खिशातून पंचवीस-एक डॉलर गेलेले दिसतात.

न बोललेलं सिद्ध कसं करायचं

सप्टेंबर २००३ मध्ये आयोगाने तक्रार दाखल केली. जाहिरातीत चार खोटे दावे आहेत, असा आरोप: या पट्ट्याने वजन, इंच किंवा चरबी कमी होते, पोटाचे स्नायू रेखीव होतात, तो व्यायामाला पर्याय आहे, आणि हे परिणाम देणाऱ्या कुठल्याही कार्यक्रमाला त्याचा मोठा हातभार लागतो.

इथे प्रकरणाला मजेदार वळण लागलं. पट्ट्याने यातलं काहीही होत नाही, हे कंपनीने नाकारलंच नाही! तज्ज्ञ डॉक्टरांच्या साक्षी, चरबीचे तक्ते, कशाचीच गरज उरली नाही. वाद फक्त एकाच प्रश्नावर: आम्ही तसं म्हणालो होतो का?

आयोगाच्या हातात नियम जुना आणि पक्का होता. जाहिरातीचं एकेक वाक्य सुटं काढून पाहायचं नाही, सगळं मिळून सर्वसाधारण माणसाच्या मनावर काय ठसा उमटतो ते पाहायचं. आणि गर्भित दावा, म्हणजे न बोलता सुचवलेला दावा, स्वतः जाहिरातीवरूनच पुरेसा स्पष्ट होत असेल, तर आयोगाला लोकांचं सर्वेक्षण करायची सक्ती नाही. हे १९९२ च्या क्राफ्ट चीजच्या खटल्यात वरच्या न्यायालयाने मान्य केलं होतं. तिथे भांडण चीजच्या एका कापात किती दुधाचं कॅल्शियम उतरतं यावर होतं, आणि तिथेही कंपनीचं म्हणणं 'आम्ही तसं बोललो नाही' हेच.

मग जाहिरात उघडून बघितली. आधी नाव: अ‍ॅब फोर्स. पोटाचे स्नायू आणि जोर, दोन शब्दांत अर्धी गोष्ट सांगून झाली. मग चित्रं. उघड्या पोटाचे, कातीव बांध्याचे स्त्री-पुरुष पट्टा बांधून उभे. कॅमेरा जवळ जातो आणि पट्ट्याखालचं पोट आत-बाहेर होताना दिसतं. सुटलेल्या पोटाचा एकही माणूस पडद्यावर नाही. मग शब्द: फिटनेसचं नवं वेड, तेच तंत्रज्ञान. बरं, हा पट्टा मग कशासाठी घ्यायचा? मालिशसाठी म्हणावं तर जाहिरातीत मालिशचा 'म' नव्हता. पाठदुखीसाठी म्हणावं तर इलेक्ट्रोड पोटावर. दुसरं कुठलंही कारण दिलेलं नसताना उरतं एकच कारण, आणि ते बघणाऱ्याला आधीच ठाऊक होतं, कारण बाकीच्या तिघांनी महिनोन् महिने त्याच्या कानीकपाळी ओरडून ते सांगितलं होतं.

सक्ती नसली तरी आयोगाच्या वकिलांनी सर्वेक्षणही आणलं. विपणनाचे प्राध्यापक मायकेल मेझिस यांनी मॉलमध्ये आलेल्या लोकांना ही जाहिरात दाखवून त्यातून काय कळलं ते विचारलं. दुसऱ्या गटाला दाव्याकडे बोट दाखवणारे तुकडे काढलेली आवृत्ती दाखवली. दोन्हींतला फरक म्हणजे जाहिरातीने केलेलं काम. कंपनीच्या तज्ज्ञाने या पद्धतीत खोडी काढल्या. काही रास्तही होत्या, कारण 'साफ' केलेल्या आवृत्तीतही ती सपाट पोटं होतीच. अशी तुलनेची जाहिरात बनवणं महाकर्मकठीण. सगळं सुचवणारं काढून टाकलं तर मागे जाहिरात उरतच नाही! मला विचाराल तर ती अडचण हाच अर्धा निकाल होता.

सप्टेंबर २००४ मध्ये आयोगाच्या प्रशासकीय न्यायाधीशांनी, आणि बरोबर वर्षाने खुद्द आयोगाने, निकाल कंपनीविरुद्ध दिला.

आत्याच्या माळ्यावरून

हे सगळं वाचताना मला आपल्याकडची रात्र आठवते. २००० च्या आसपास केबलवर अकरा-साडेअकरानंतर हिंदीत डब केलेल्या टेलिशॉपिंगच्या जाहिराती लागायच्या. ओठ इंग्रजीत हलायचे, आवाज हिंदीत यायचा, दोघांची गाठ पडायची नाही. घाम काढणारे पट्टे, स्प्रिंग ओढायचे ट्रिमर, पाय हलवणारी यंत्रं.

आत्याच्या डोंबिवलीच्या घरी रंगकाम काढलं तेव्हा माळ्यावरून असाच एक पोटपट्टा निघाला. कंपनी कुठली ते सोडा, खोकाही उरला नव्हता. जेलची ट्यूब वाळून पट्ट्यालाच चिकटली होती.

"आत्या, हा कधीचा गं?"

"यांनी मागवला होता. रात्री झोप यायची नाही, टीव्ही लावून बसायचे."

"मग? बारीक होतं असं सांगितलं होतं का जाहिरातीत?"

आत्या थांबली. तिला खरंच आठवेना. मग म्हणाली, "सांगायचं काय त्यात? त्या माणसाचं पोट दिसत होतं की!"

मेझिसच्या मॉलमध्ये आत्या असती तर सर्वेक्षणाचा खर्च वाचला असता.

नवे सेल घालून, कोरफडीचं जेल चोपडून मी तो लावून पाहिला. आधी मुंग्या, मग बटण वाढवलं तशी चिमटे काढल्यासारखी चुटचुट, आणि एकदम पोटाची डावी बाजू आपोआप आत ओढली गेली. उजवी ढिम्म, तिकडचा इलेक्ट्रोड मेला असावा. आत्या पोळ्या टाकून हसायला आली. पण एक गोष्ट मला त्या दोन मिनिटांत कळली, जी निकालपत्र वाचून कळली नव्हती. काहीतरी होतंय हे अंगाला जाणवतं. झटका बसतो, स्नायू आखडतो, दुसऱ्या दिवशी जरासं दुखतंही. म्हणजे विकत घेतलेल्या माणसाला वस्तू खोटी वाटतच नाही, उलट आपणच नियमित वापरत नाही अशी टोचणी लागते. आतोबा सहा महिने स्वतःलाच आळशी म्हणत होते, असं आत्या म्हणाली. तक्रार करायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

आपल्या कायद्यात हे बसतं का? बसतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत उघड दाव्याच्या शेजारीच गर्भित दावाही आहे, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पहिल्या खेपेला १० लाखांपर्यंत, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड करता येतो. मुंबईच्या जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे आस्कीच्या संहितेतही सुचवून किंवा गाळून दिशाभूल करायला मनाई आहे. आतोबांच्या पट्ट्याच्या वेळी आस्की होती, पण रात्री साडेअकराला हिंदीत डब झालेलं पोट तपासायला कोण बसलं होतं?

कुंपण

आयोगाच्या निकालानंतर कंपनी रिचमंडच्या फेडरल अपील न्यायालयात गेली. तिथला मुख्य मुद्दा वेगळा होता. आयोगाने नुसत्या पोटपट्ट्यांवर बंदी घातली नव्हती, तर ही कंपनी पुढे जे काही विकेल त्या कुठल्याही वस्तूच्या परिणामाबद्दल, कामगिरीबद्दल, आरोग्याबद्दल दावा करायचा तर आधी हातात पुरावा हवा, असा हुकूम काढला होता. कायद्याच्या भाषेत याला चक्क 'कुंपण घालणं' म्हणतात. गुन्हा एका पट्ट्याचा आणि कुंपण सगळ्या दुकानाला, हे जास्त होतंय, असं कंपनीचं म्हणणं.

ऐकायला ते पटतं. पण डाव काय होता ते आठवा. तो डाव विजेच्या पट्ट्याला बांधलेला नव्हता. दुसऱ्याची गाजलेली वस्तू पकडायची, तिच्याकडे बोट दाखवायचं, आपण गप्प बसायचं, ही युक्ती तवा, चष्मा, झाडू कशालाही लागू पडते. शिवाय याच कंपनीवर १९९६ मध्ये टीव्हीच्या अँटेनाच्या आणि आवाज मोठा करणाऱ्या कानातल्या यंत्राच्या दाव्यांवरून आयोगाचा हुकूम आधीच निघालेला होता. ऑगस्ट २००६ मध्ये न्यायालयाने कुंपण जसंच्या तसं ठेवलं.

पैशांचा हिशेब अजून बाकी होता. त्यासाठी आयोग पुन्हा कोर्टात गेला आणि जानेवारी २००९ मध्ये ७० लाख डॉलरवर तडजोड झाली. विक्रीच्या एक तृतीयांशापेक्षा थोडी जास्त रक्कम, तीही सात वर्षांनी. स्वस्तात सुटले असं मला वाटतं, पण कॉपी तपासणारीला तसं वाटणारच.

कंपनी काही बसली नाही. तोवर तिची एक नवी वस्तू बाजारात आली होती आणि जोरात खपत होती: पेडएग, टाचेची मेलेली कातडी खरवडणारी, अंड्याच्या आकाराची छोटीशी किसणी. टाच मऊ होते एवढं म्हणायलाही आता हुकमाप्रमाणे आधी पुरावा लागत होता. जाहिरातीत किसणी टाचेवर फिरवून, आत जमलेला पांढरा भुगा उपडा करून दाखवायचे.